तीस गिगावॅटचा आकडा आणि अजून रिकामा समुद्र

जून २०१८ मध्ये केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने समुद्रातल्या पवनऊर्जेसाठी दोन आकडे जाहीर केले. २०२२ पर्यंत ५ गिगावॅट आणि २०३० पर्यंत ३० गिगावॅट. पहिल्या आकड्याची मुदत कधीच उलटली. २०२५ संपलं तेव्हाही आपल्या समुद्रात वीज देणारं एकही पवनचक्क्यांचं केंद्र उभं नव्हतं. त्याच २०२५ मध्ये जमिनीवरच्या पवनचक्क्यांनी मात्र ५० गिगावॅटचा टप्पा ओलांडला. म्हणजे आपल्याला पवनचक्क्या उभारता येत नाहीत, असं अजिबात नाही. मग समुद्रावर आल्यावर घोडं अडलं कुठे?

खर्च, वादळं, खोल पाणी ही कारणं सगळेच सांगतात आणि ती खरीही आहेत. पण माझ्या मते गोष्ट त्याच्या आधी, उद्दिष्ट ठरवतानाच बिघडली. जाहीर केलेल्या आकड्याच्या पाठीशी तारखा, जागा, भाव आणि गिऱ्हाईक उभं करावं लागतं. त्यातलं एक जरी नसलं तरी आकडा कागदावरच राहतो. हे कसं होतं, ते जरा सावकाश बघू.

आकडा नेमका कशाचा?

गिगावॅट हे क्षमतेचं माप. आपल्या बिलावर येतं ते युनिट, म्हणजे प्रत्यक्ष वापरलेली वीज. मळणीयंत्र तासाला किती पोती काढू शकतं ही त्याची क्षमता झाली. हंगामात किती पोती निघाली, हा हिशोब वेगळा, कारण यंत्र रोज आणि दिवसभर चालत नाही.

एक गिगावॅट म्हणजे १,००० मेगावॅट. तेवढी यंत्रं वर्षाचे ८,७६० तास पूर्ण जोरात फिरली तर ८७६ कोटी युनिट वीज होईल. वारा असा एकसारखा कुठेच वाहत नाही. आपल्या पहिल्या १ गिगावॅटसाठी सरकारने वर्षाला सुमारे ३७२ कोटी युनिट धरले आहेत, म्हणजे शंभरातले साधारण साडेबेचाळीस. महिन्याला २०० युनिट वापरणारं घर धरलं तर ही साडेपंधरा लाख घरांची वीज झाली. जमिनीवरच्या जुन्या, कमी उंचीच्या यंत्रांचं हे प्रमाण याच्या निम्म्याच्या आसपास असतं. समुद्रात जायचं ते यासाठी. तिथे डोंगर नाहीत, झाडं नाहीत, इमारती नाहीत, त्यामुळे वारा अडत नाही आणि जास्त तास टिकतो.

यंत्रांचा आकारही डोळ्यांसमोर आणायला हवा. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर किंवा पाटण तालुक्यात वनकुसवड्याला गेलात तर पवनचक्क्यांच्या रांगाच्या रांगा दिसतात. वनकुसवड्याला सुरुवातीला लागलेली यंत्रं साडेतीनशे किलोवॅटची होती. समुद्रात आज १५ मेगावॅटची यंत्रं उभी राहतात. असं एक यंत्र म्हणजे वनकुसवड्याची त्रेचाळीस यंत्रं. त्याचं एक पातं ११५ मीटर लांब, आणि तिन्ही पाती फिरून जे वर्तुळ होतं त्याचा व्यास २३६ मीटर. असं पातं रस्त्याने नेता येत नाही. ते बंदरातच तयार करायचं आणि बंदरातूनच जहाजावर चढवायचं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम पडणार आहे.

वाऱ्याच्या वेगाचं गणित तर आणखी विलक्षण आहे. वेग दुप्पट झाला की वाऱ्यातली शक्ती आठपट होते. त्यामुळे सेकंदाला साडेसात मीटर आणि सेकंदाला दहा मीटर हे वेग ऐकायला जवळजवळचे वाटले, तरी दुसऱ्यातली शक्ती पहिल्याच्या सव्वादोन पटींहून जास्त असते. गुजरातच्या खंबातच्या आखातात आणि तामिळनाडूच्या दक्षिण टोकाजवळ वाऱ्यात साधारण एवढाच फरक आहे. तामिळनाडूचा पट्टा देशात सगळ्यात चांगला मानतात तो यामुळे. आपल्या कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात वारा झोडपून काढतो, पण बाकीच्या महिन्यांत तो पडतो. वर्षाची सरासरी त्या दोन पट्ट्यांची बरोबरी करत नाही, म्हणून सरकारने आधी ते दोन पट्टे निवडले.

आकडा क्षमतेचा ठेवायचा की विजेचा, हा प्रश्न पुस्तकी वाटेल. महाराष्ट्राने मात्र त्याची किंमत मोजली आहे. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही पवनचक्की घेणाऱ्याला पहिल्याच वर्षी यंत्राच्या किमतीचा मोठा भाग घसारा म्हणून दाखवून आयकर वाचवता येत असे. एके काळी हा घसारा पूर्ण १०० टक्के होता, नंतर ८० टक्के झाला. त्यामुळे ज्यांचा विजेशी काही संबंध नाही अशा धंद्यांनीही पवनचक्क्या घेतल्या. क्षमतेचा आकडा भराभर वाढला. पण कर वाचला की मालकाचं काम झालेलं असे, मग यंत्र वर्षभर किती फिरलं याची निकड राहत नसे. शेवटी डिसेंबर २००९ मध्ये केंद्राने प्रत्यक्ष तयार झालेल्या प्रत्येक युनिटमागे ५० पैसे देण्याची योजना आणली. बक्षीस ज्याला लावाल तेच वाढतं. समुद्रात एका यंत्राची किंमत कितीतरी पटींनी जास्त आहे, तिथे ही चूक परवडणारी नाही.

मग उद्दिष्ट जाहीर तरी का करायचं?

सौरऊर्जेत एखादा शेतकरी दोन एकरांवर सुरुवात करू शकतो. समुद्रात "थोडं करून बघू" असं चालत नाही. बंदराचा धक्का मजबूत करायचा, पात्यांचा कारखाना काढायचा, समुद्राखालून जाणारी जाड केबल बनवायची, यंत्र उभं करणारं जहाज बांधायचं, यातलं प्रत्येक काम शेकडो कोटींचं. हे पैसे घालणारा विचारतो की दहा वर्षं काम मिळेल का. आणि कारखाना-बंदर नसेल तर वीज महाग पडते म्हणून काम निघत नाही. दोघंही एकमेकांची वाट पाहत बसतात. ही कोंडी सरकारच फोडू शकतं, कारण समुद्रतळ सरकारचा, वीजवहनाचं जाळं सरकारी देखरेखीखालचं आणि वीज घेणाऱ्या बहुतेक कंपन्याही सरकारी.

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं हल हे एके काळचं मोठं मासेमारीचं बंदर. मासेमारी आटली तशी गावाची रया गेली. तिथे सीमेन्सने बंदर चालवणाऱ्या कंपनीबरोबर ३१ कोटी पौंड घालून पात्यांचा कारखाना काढला आणि २०१६ च्या डिसेंबरात ७५ मीटरची पाती तयार होऊ लागली. ब्रिटनने तोवर समुद्रतळाचे पट्टे एकामागून एक फेऱ्यांमध्ये वाटले होते, विजेच्या भावाचे करार सुरू केले होते, आणि जवळच्या समुद्रात कुठली केंद्रं होणार हे दिसत होतं. कारखानदाराने पैसे घातले ते त्या वेळापत्रकाकडे बघून.

या क्षेत्राची सुरुवात डेन्मार्कने केली. १९९१ मध्ये लोलँड बेटाजवळ विंडेबी इथे ११ यंत्रं उभी राहिली, सगळी मिळून जेमतेम ५ मेगावॅट. पंचवीस वर्षं चालवून २०१७ मध्ये ती काढून टाकली. विंडेबी होतं तेव्हा कुणी गिगावॅटची भाषा बोलत नव्हतं. आधी हात बसला, मग आकडे वाढले. २०२४ अखेर जगभरात समुद्रातली पवनऊर्जा ८० गिगावॅटच्या पुढे गेली होती, त्यातली निम्मी एकट्या चीनची.

२०३० मधून मागे मोजा

उद्दिष्ट खरं आहे की नुसतं बोलणं आहे, हे ओळखायची सोपी रीत म्हणजे शेवटच्या तारखेपासून मागे मोजत येणं. लग्नाची तारीख धरली की हॉल, आचारी, पत्रिका यांच्या तारखा आपण मागे मागे लावत येतो, तसंच.

२०३० मध्ये वीज हवी, तर समुद्रात उभारणीला दोन ते तीन वर्षं धरा. त्याआधी यंत्रं, केबल, पाया यांची मागणी नोंदवून ती बनवून घ्यायची. त्याआधी बँकेने कर्ज मंजूर करायला हवं. वीज कोण घेणार आणि किती भावाने, याचा करार हातात असल्याशिवाय बँक दारात उभी करत नाही. त्याच्याही आधी समुद्रतळ तपासायचा: माती कसली, खडक किती खोल, लाटा किती, पक्षी कुठून जातात, मासेमारी कुठे चालते. आणि या तपासणीआधी जागेचा भाडेपट्टा हवा. पट्टा मिळाल्यापासून वीज सुरू होईपर्यंत सात-आठ वर्षं जाणं युरोपातही नेहमीचं आहे. म्हणजे २०३० चं उद्दिष्ट गाठायचं तर पट्टे २०२२-२३ पर्यंत हातात पडायला हवे होते.

आता आपल्या तारखा बघा. समुद्रातल्या पवनऊर्जेचं राष्ट्रीय धोरण ऑक्टोबर २०१५ मध्ये आलं. त्यात मंत्रालयाच्या हाताखाली चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेकडे मोजणीचं काम सोपवलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये या संस्थेने गुजरातमधल्या पिपावाव बंदरापासून सुमारे २३ किलोमीटर आत समुद्रात एका फलाटावर लायडार बसवलं. हे उपकरण लेझरचा किरण वर सोडतं, हवेतल्या बारीक कणांवरून परतलेला प्रकाश मोजतं आणि त्यावरून वेगवेगळ्या उंचीवरचा वारा सांगतं. उंच मनोरा उभा करावा लागत नाही. निदान दोन वर्षांची नोंद झाल्याशिवाय कुणी सावकार त्या वाऱ्यावर पैसे लावत नाही.

एप्रिल २०१८ मध्ये गुजरातजवळच्या पहिल्या १ गिगावॅटसाठी कंपन्यांकडून स्वारस्य मागवलं गेलं. पस्तिसेक कंपन्यांनी हात वर केले, त्यात परदेशी कंपन्याही होत्या. लगेच जूनमध्ये ५ आणि ३० चे आकडे आले. त्या दिवशी देशात समुद्रातला वारा मोजणारं हे लायडार बसून सात महिने झाले होते, आणि समुद्रतळ भाड्याने द्यायचे नियमही अस्तित्वात नव्हते. ते नियम आले डिसेंबर २०२३ मध्ये. घराचा नकाशा पास व्हायच्या आधी गृहप्रवेशाची पत्रिका वाटल्यासारखं हे झालं. हात वर केलेल्या कंपन्या दोन-तीन वर्षं थांबल्या आणि आपली माणसं दुसऱ्या देशांकडे वळवली. हुकलेल्या उद्दिष्टाचं सगळ्यात मोठं नुकसान मला इथे दिसतं. सरकारचा पुढचा आकडा ऐकून कोणी कारखाना काढायला धजावत नाही.

मंत्रालयाने यातून काही धडा घेतला, हेही नोंदवायला हवं. २०२२ मध्ये आणि सुधारून २०२३ मध्ये आलेल्या रणनीतीच्या कागदात "२०३० पर्यंत ३० गिगावॅट उभे" हे बाजूला पडलं आणि "२०३० पर्यंत एकूण ३७ गिगावॅटच्या बोली" अशी भाषा आली. उभं करणं आणि बोली काढणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण बोली काढणं हे सरकारच्या स्वतःच्या हातातलं काम आहे, आणि ते दरवर्षी तपासता येतं. उद्दिष्ट म्हणून ते जास्त प्रामाणिक आहे.

हमीभाव, पण दोन्ही बाजूंचा

आता भावाकडे वळू, कारण कितीही सुंदर वेळापत्रक असलं तरी गाडी इथेच अडते.

ब्रिटनची रीत समजून घेण्यासारखी आहे. आपल्याकडचा शेतमालाचा हमीभाव डोळ्यांसमोर आणा. २०२४ पर्यंतच्या फेऱ्यांत सरकार कंपनीला म्हणायचं, पंधरा वर्षं तुझ्या विजेला अमुक भाव पक्का. बाजारात भाव त्याहून खाली गेला तर फरक आम्ही भरू. इथवर हमीभावच. पण बाजार वर गेला तर वरचा फरक कंपनीने परत करायचा. युक्रेनच्या युद्धानंतर विजेचे भाव भडकले तेव्हा काही केंद्रांनी असे पैसे खरोखर परत केले. हा पक्का भाव सरकार स्वतः ठरवत नाही, कंपन्या बोली लावतात आणि कमी मागणाऱ्याला करार मिळतो. सरकार फक्त वरची मर्यादा घालतं.

या पद्धतीने भाव कसे कोसळले पाहा. २०१५ च्या पहिल्या फेरीत समुद्रातल्या पवनऊर्जेला दर हजार युनिटमागे ११४ ते १२० पौंड मिळाले होते. जुलै २०२२ च्या चौथ्या फेरीत तेच ३७.३५ पौंडांवर आले, आणि जवळपास ७ गिगावॅटचे करार झाले. (हे सगळे आकडे २०१२ च्या किमतींत मोजलेले.) सात वर्षांत भाव एक तृतीयांश. त्याच वर्षी, या फेरीच्या थोडं आधी एप्रिलमध्ये, ब्रिटनने २०३० चं उद्दिष्ट ४० वरून ५० गिगावॅटवर नेलं होतं.

मग पोलाद महागलं, व्याजदर चढले, यंत्रं बनवणाऱ्या कंपन्या तोट्यात गेल्या. जुलै २०२३ मध्ये स्वीडनच्या व्हॅटनफॉल कंपनीने खर्च ४० टक्क्यांपर्यंत वाढल्याचं सांगून करार मिळालेला एक मोठा प्रकल्प थांबवला. सप्टेंबर २०२३ च्या पाचव्या फेरीत सरकारने वरची मर्यादा ४४ पौंड ठेवली होती. समुद्रातल्या पवनऊर्जेसाठी एकही बोली आली नाही. उद्दिष्ट ५० गिगावॅट, आणि त्या वर्षीची भर शून्य. पुढच्या वर्षी मर्यादा ७३ पौंड केली, आणि बोली ५४ ते ५९ पौंडांच्या आल्या. म्हणजे मर्यादा वाढवली म्हणून कंपन्यांनी ती ओरबाडून घेतली नाही, स्पर्धेने भाव खाली राहिला. डिसेंबर २०२४ मध्ये ब्रिटनने आपलं उद्दिष्टही "४३ ते ५० गिगावॅट" असं पट्ट्यात मांडलं. मला हा बदल शहाणपणाचा वाटतो.

जर्मनीने याच्या उलट टोक गाठलं होतं. २०२३ मध्ये तिथे ७ गिगावॅटच्या जागांसाठी बीपी आणि टोटालएनर्जीज या तेलकंपन्यांनी मिळून १,२६० कोटी युरो सरकारला द्यायची तयारी दाखवली. अनुदान मागायचं सोडून उलट पैसे मोजायचे! दोनच वर्षांनी, ऑगस्ट २०२५ मध्ये, उत्तर समुद्रातल्या दोन जागांसाठी कोणीच आलं नाही. डेन्मार्कमध्येही डिसेंबर २०२४ ला ३ गिगावॅटची बोली कोरी गेली, आणि सरकारला अनुदानासह नव्याने मांडणी करावी लागली. या क्षेत्रातल्या सगळ्यात अनुभवी देशाची ही गत. भाव कमी होत आला म्हणून तो कमीच होत राहील, हे गृहीत धरून आखलेलं उद्दिष्ट असं फसतं.

आपल्याकडे पैसे कोण भरणार?

१९ जून २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने समुद्रातल्या पवनऊर्जेसाठी ७,४५३ कोटी रुपयांचा निधी मंजूर केला. वाढवण बंदराला मंजुरी मिळाली ती याच बैठकीत, म्हणून ही तारीख पालघरकरांच्या चांगली लक्षात असेल. निधीतले ६,८५३ कोटी रुपये १ गिगावॅटच्या उभारणीसाठी, ५०० मेगावॅट गुजरातजवळ आणि ५०० तामिळनाडूजवळ. उरलेले ६०० कोटी दोन बंदरं सुधारायला. समुद्रातलं सबस्टेशन आणि किनाऱ्यापर्यंतची केबल पॉवरग्रिड या सरकारी वीजवहन कंपनीने करायची. याला व्हीजीएफ म्हणतात: खरा खर्च आणि वीज कंपनीला परवडणारा भाव यांत जी फट राहते ती सरकार भरतं.

हा बोजा किती, ते काढून बघू. वर्षाला ३७२ कोटी युनिट, पंचवीस वर्षं, म्हणजे ९,३०० कोटी युनिट. ६,८५३ कोटी रुपये त्यांवर वाटले तर युनिटमागे सुमारे ७४ पैसे. पैसे सुरुवातीला द्यायचे आणि वीज पुढे पंचवीस वर्षं येणार, त्यामुळे खरा बोजा यापेक्षा बराच जास्त. तरी देशाला हे काम शिकण्याची फी म्हणून मला तो मोठा वाटत नाही. १ गिगावॅट ही सुरुवातही योग्य मापाची आहे. काळजी आहे ती वेगळी. हा निधी पुन्हा भांडवलावर आहे, युनिटवर नाही. जमिनीवरच्या पवनचक्क्यांत घसाऱ्याच्या सवलतीने दिलेला धडा इथे विसरून चालणार नाही.

निविदांचं पुढे काय झालं? भारतीय सौर ऊर्जा महामंडळ, म्हणजे सेकी, यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये तामिळनाडूजवळच्या ४ गिगावॅटच्या समुद्रतळाचे पट्टे देण्यासाठी निविदा काढली. त्यात अनुदान नव्हतं आणि वीज विकायची जबाबदारी कंपनीचीच होती. सप्टेंबर २०२४ मध्ये गुजरातजवळच्या ५०० मेगावॅटची निविदा निघाली, ती व्हीजीएफसह. मुदतवाढी मिळत गेल्या, आणि २०२५ मध्ये दोन्ही निविदा रद्द झाल्या.

चार गिगावॅटच्या निविदेचा विचार करा. कंपनीने स्वतःच्या खर्चाने वारा मोजायचा, समुद्रतळ तपासायचा, आणि मग गिऱ्हाईक शोधायला निघायचं, तेही ज्या देशात सौरऊर्जा अडीच-तीन रुपये युनिटने मिळते तिथे. राज्याच्या वीज कंपनीने महाग वीज का घ्यावी? आपल्याकडे तर दाभोळची आठवण अजून ओली आहे. एन्रॉनच्या प्रकल्पाची वीज घेणं राज्य वीज मंडळाला झेपेना आणि मे २००१ मध्ये मंडळाने ती घेणं थांबवलं. दाभोळ नाफ्त्यावर चालत होतं आणि तिथला भाव इंधनाबरोबर, डॉलरबरोबर चढत होता. समुद्रातल्या वाऱ्याला इंधनाचा खर्चच नाही, भाव पंचवीस वर्षं पक्का ठेवता येतो. तरीही लांब मुदतीच्या महाग कराराची धास्ती वीज कंपन्यांना वाटते, आणि ती निराधार नाही.

त्यावर खरं उत्तर वेळेचं आहे. सौरऊर्जा दुपारी स्वस्त असते आणि सूर्य मावळला की शून्य. समुद्रातला वारा संध्याकाळी आणि रात्रीही वाहतो, आणि पावसाळ्यात, आभाळ भरलेलं असताना, सगळ्यात जोरात वाहतो. संध्याकाळी सातच्या युनिटची किंमत दुपारी एकच्या युनिटएवढी नसते. वीज खरेदीच्या कराराने हा फरक मोजला तर समुद्रातली पवनऊर्जा आज दिसते तितकी महाग दिसणार नाही.

खंबातचं आखात जवळून

नकाशावर निळा रंग असला की जागा मोकळी वाटते. पिपावावच्या शेजारी जाफराबाद आहे, बोंबलाच्या मासेमारीचं मोठं केंद्र. तिथे आपल्या पालघर-वसईच्या कोळ्यांसारखीच डोल लावतात: शंकूच्या आकाराचं लांबलचक जाळं, समुद्रतळात पक्कं केलेलं, भरती-ओहोटीच्या ओढीवर उघडं राहणारं. आखातातली ओढ जबरदस्त आहे, म्हणून डोल तिथे चालते. डोल एका जागी बांधलेली असते. पवनचक्क्यांच्या रांगा आणि तळातून जाणाऱ्या केबली त्याच तळावर आल्या, तर कोणाची डोल कुठे जाणार, हे मोजणी करतानाच त्या लोकांबरोबर बसून ठरवायला हवं. वाढवणला मच्छीमार वर्षानुवर्षं विरोध करत आले, त्यातला मोठा भाग याच प्रश्नाचा आहे. तामिळनाडूच्या बाजूला मन्नारच्या आखातात सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे समुद्रगाईंसारख्या दुर्मीळ जिवांचा विचार त्यात मिळवावा लागेल.

वादळाचंही तसंच. १७ मे २०२१ च्या रात्री तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्यावर आलं ते दीव आणि उना यांच्या दरम्यान, म्हणजे याच टापूत. त्याआधी मुंबई हायजवळ त्याने कामगारांचा पी-३०५ तराफा बुडवला आणि कितीतरी घरं उजाड केली. इथलं यंत्र, त्याचा पाया आणि त्याचा विमा तौक्ते गृहीत धरूनच आखावा लागतो. उत्तर समुद्रातला नमुना जसाच्या तसा उचलून चालत नाही.

आणि हंगाम. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात निदान दोन महिने मासेमारी बंद असते. समुद्र खवळलेला असतो तेव्हा पवनचक्क्या उभारणारं जहाजही काम करू शकत नाही. ते आपले लांब पाय तळावर टेकवून स्वतःला पाण्याच्या वर उचलून घेतं, आणि मग शंभर-दीडशे मीटर उंचीवर शेकडो टनांचं धूड अलगद बसवतं. त्याला शांत समुद्र लागतो. म्हणजे वर्षातले आठच महिने कामाचे. अशी जहाजं जगात मोजकी, दिवसाचं भाडं प्रचंड, आणि बहुतेक युरोप-चीनकडे गुंतलेली. मेमध्ये काम राहिलं तर ते थेट दिवाळीच्या सुमारास. वरच्या सात-आठ वर्षांच्या हिशोबात आपल्याला आणखी एक वर्ष धरावं लागेल, असं मला वाटतं ते यामुळे.

महाराष्ट्राला यात वाटा नाही, असं कुणी समजू नये. समुद्रात पोलादी सांगाडे उभे करण्याचा देशातला सगळ्यात जुना अनुभव मुंबईचा आहे. १९७४ मध्ये मुंबई हायला तेल लागलं, पुढे माझगाव डॉकने तेलविहिरींसाठी फलाट बांधले. पवनचक्कीचा पोलादी पाया त्याच जातीचं काम आहे. केंद्रं गुजरातेत झाली तरी पाये, केबलची कामं, जहाजांची दुरुस्ती मुंबई-रायगडच्या यार्डांत येऊ शकते. त्यासाठी राज्याला आजच कळायला हवं की कुठल्या वर्षी किती पाये लागणार आहेत.

माझ्या हातात असतं तर मी २०३० चा जुना आकडा उघडपणे मागे घेतला असता आणि त्याच्या जागी एक पानभर तक्ता छापला असता. कुठल्या वर्षी, कुठल्या जागेची बोली, किती मेगावॅट, वारा आणि तळ सरकारने मोजून दिलेला, बंदर कुठलं, केबल कधी तयार, वीज घेणारी कंपनी कुठली. पहिल्या दोन ओळी ५००-५०० मेगावॅटच्या. सेकीची पुढची निविदा निघेल तेव्हा मी आधी गिगावॅटचा आकडा पाहणार नाही. वीज खरेदीचा करार कोणी सही करून ठेवला आहे, ते पान उघडेन. आणि त्याच्या जोडीला जाफराबादच्या डोलींचा नकाशा जोडलेला आहे का, ते बघेन.